दिल्या घरचं पाणी

धुळातात्या कुणाच्याही घरी गेले, की टेकायच्या आधी पिशवीतून आपला तांब्या काढून समोर ठेवत. पितळेचा, फिरकीच्या झाकणाचा, प्रवासात पाणी सांडू नये म्हणून लोक पूर्वी वापरत तसला. घरातली बाई पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली की ते दोन्ही हात जोडून म्हणत, “ऱ्हाऊ द्या वैनी, माजं हाय माज्यापाशी.” त्या काळात बारामतीत बाटलीतलं विकतचं पाणी नुकतंच दिसू लागलं होतं. त्यामुळे काहींना वाटे, म्हातारा सुधारला. एका डॉक्टरांनी तर काविळीच्या साथीत त्यांचं उदाहरण लोकांना दिलं होतं.

खरं कारण वेगळं होतं. तात्या सोयरिकी जुळवत. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत त्यांनी किती लग्नं जमवली असतील ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. आमच्याकडे जुनी रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरचं पाणीही प्यायचं नाही. तात्यांनी ती रीत स्वतःला लावून घेतली होती. “मी मदी पडलो मंजी ती लेक माजीच की! आता कुनाच्या घरी पाळना हालला आन् कुनाच्या न्हाय, ह्ये कुटं ध्यानात ठेवीत बसू? त्यापरीस तांब्या बरा.”

तात्या काटेवाडीचे. त्यांचे आजे-पणजे मेंढरं घेऊन आठ-आठ महिने मुलूख फिरत. वाटेवरचं प्रत्येक गाव, प्रत्येक घर त्यांच्या माहितीचं. अमक्याची मुलगी लग्नाची झालीय, तमक्याचा पोरगा शहाणा निघाला, हे निरोप मेंढरांबरोबरच गावोगाव जात. पुढे पाटाचं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं गेली. निरोप तेवढे तात्यांकडे राहिले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बारामतीबाहेर औद्योगिक वसाहतीचे प्लॉट पडले आणि तात्यांना एके दिवशी एस.टी. स्टँडजवळच्या हॉटेलात साक्षात्कार झाला. एका टेबलाशी ऊस-द्राक्षांचा पैसा आलेले बागाईतदार ‘आता ह्या पैशाचं करायचं काय’ म्हणून बसलेले, आणि त्यांच्याच पाठीला पाठ लावून कारखाना काढायला निघालेले, खिसा रिकामा असलेले लोक बसलेले. तात्यांनी दोन्हीकडे बघितलं आणि गल्ल्यावरच्या मालकाला म्हणाले, “आवं, ह्ये तर उपवर हायत की!”

तेव्हापासून त्यांनी उद्योगधंद्यांच्या सोयरिकी सुरू केल्या. त्यांचा हिशेब सरळ होता. पैसा ही लेक. पैसेवाला हा मुलीचा बाप. धंदा काढणारा नवरामुलगा, मग तो पन्नाशीचा आणि टकला का असेना. रीतसर पाहण्याचा कार्यक्रम व्हायचा, कांदेपोहे व्हायचे, बैठकीत पैसेवाला पानाला चुना लावत विचारायचा, “पोरगा आधी काय करत हुता?”

या प्रश्नाचं उत्तर नवऱ्यामुलाने द्यायचं नसे. ते तात्यांचं काम. कंपाउंडर होता? “निम्म्या बारामतीला ह्यानं टोचलंय. समद्यांची नाडी ह्याला ठावं.” कंडक्टर होता? “हजारो मानसं हाताखालनं गेली, पर एकाला बी वाटंत टाकून आला न्हाय.” तलाठी होता? “आख्ख्या सर्कलातली जमीन ह्याच्या दप्तरात निजायची.” पैसेवाल्यांच्या बाजूची चौकशी मात्र तात्या होऊ देत नसत. सरकारी खात्यातून निवृत्त झालेल्या एका साहेबांकडे पगाराच्या मानाने फारच जास्त उपवर लेकी होत्या. त्यांच्याविषयी कुणी विचारलं, तर तात्या म्हणत, “लेकीचं गोत इचारावं, जन्मयेळ इचारू न्हाय.”

अशा लग्नांतून आमच्या वसाहतीची वस्ती वाढली. मंडळी एकमेकांना ‘डायरेक्टर’ म्हणत. पत्र्याची एक शेड, एक मशीन आणि एक राखणीचं कुत्रं एवढ्यावर माणूस मॅनेजिंग डायरेक्टर होई. पण अंगातली जुनी नोकरी जात नसे. निवृत्त हेडमास्तरांनी ठिबकच्या नळ्यांचा कारखाना काढला होता. तिथे सकाळी घंटा होई, उशिरा आलेला कामगार दाराबाहेर उभा राही, आणि ऐन मे महिन्यात, शेतकरी नळ्यांसाठी धावत असताना, कारखान्याला उन्हाळ्याची सुटी लागे. तलाठीसाहेबांचं पशुखाद्य उत्तम होतं. पण रोख पैसे घेऊन आलेल्या गिऱ्हाइकालाही ते चष्म्यावरून बघून “उद्या या” म्हणत. कंडक्टरची बेकरी होती. सुटे नसले की तो टोस्टच्या पुड्यामागे बाकी लिहून द्यायचा आणि म्हणायचा, “जाताना घ्या.” गिऱ्हाईक जातच असायचं. कंपाउंडर कीटकनाशकं विकत असे. त्याने एका शेतकऱ्याला सवयीने “दिवसातून दोनदा, जेवणानंतर” असं सांगितल्याची गोष्ट मी ऐकली आहे. शेतकरी शहाणा होता म्हणून निभावलं.

तात्यांना मी एकदा म्हटलं, “तुम्ही सगळं गोड गोड सांगता. खोड लपवता.”

“लपवत न्हाय,” ते म्हणाले. “गुन बैठकीत सांगावं, खोड वाटंनं सांगावी. बैठक मोडली की मुलीच्या बापाबरूबर मी वाईच वाटंला चालतो आन् काय आसंल त्ये सांगून टाकतो. त्यावर बी तो देत आसंल तर सोयरीक पक्की.”

यात मी स्वतःही आलोच. मी बारामतीत माध्यमिक शाळेत भूगोल शिकवत होतो. माझ्या मावसभावाची पुण्याला पुठ्ठ्याच्या खोक्यांची फॅक्टरी होती. सुट्यांत तिथे जाऊन जाऊन मला ते काम येऊ लागलं होतं. इकडे सगळा द्राक्षाचा आणि डाळिंबाचा मुलूख. खोकी पुण्याहून यायची, वाहतुकीनेच महाग व्हायची. इथेच केली तर? या ‘तर’ने मला पछाडलं आणि मी राजीनामा दिला. सासरे बोलायचे बंद झाले. मुख्याध्यापक भले होते. त्यांनी कागद संस्थेकडे पाठवलाच नाही. म्हणाले, “जूनपर्यंत तुमची जागा धरून ठेवतो. शाळा उघडायच्या आत यायचं तर या. नंतर मला इलाज नाही.” माझी बायको मालती एवढंच म्हणाली, “जून म्हणजे जून. त्यानंतर तुमचा ‘तर’ नको.”

तात्यांनी माझ्यासाठी इंदापूर तालुक्यातल्या कळंबचं स्थळ काढलं. सोपानआबा. भाजीपाला आणि फळबागेत आयुष्य गेलेलं, बोलायला कमी, शब्दाला पक्के. त्या भागातले बागाईतदार आबांनी छाटणी धरली की छाटणी धरायचे आणि आबांनी औषध बदललं की औषध बदलायचे. बैठकीत आबांनी ठरलेला प्रश्न विचारला. तात्या म्हणाले, “मास्तर हुतं. भूगोल. जगात कुटं काय पिकतं समदं ठावं.”

“आन् कळंबात काय पिकतं?” आबांनी विचारलं.

“द्राक्षं,” मी म्हणालो. “आणि ती पुण्याच्या खोक्यात जातात.”

आबा हसले. बैठक मोडली. तात्या आणि आबा वाटेने पुढे चालू लागले, मी आणि मालती मागे. तात्या काहीतरी सांगत होते. माझी खोड! मी कान टवकारले, पण ऐकू काही आलं नाही. आबा मध्येच थांबले, तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि परत चालू लागले. घरी येईपर्यंत मालती मला माझ्या एकेक खोडीची आठवण करून देत होती, यातली कुठली असेल म्हणून.

सोयरीक झाली. सुपारी फुटली, शेड उभी राहिली, मशीन आलं. आबांनी मशीनला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि मालतीने चहा पुढे केला तेव्हा हात जोडले. “नगं माय. आता नगं.” तात्यांनी कौतुकाने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ॲसिडिटी असेल.

हंगाम सुरू झाला. इकडून तिकडून, डाळिंबवाल्यांच्या थोड्या ऑर्डरी आल्या. पण ज्या कळंबच्या भरवशावर मी उभा होतो तिथून एक खोकं कुणी मागेना. मी माणसं पाठवली, नमुने पाठवले. लोक नमुना हातात घेत, दाबून बघत, “ब्येस हाय” म्हणत आणि परत देत. मशीन दिवसातून दोन तास चाले. उरलेला वेळ मी आणि कामगार एकमेकांकडे बघत बसू.

मी वसाहतीच्या मंडळात रड गायली. प्रत्येकाने आपापल्या जुन्या खात्याप्रमाणे सल्ला दिला. हेडमास्तर म्हणाले, पालकसभा घ्या. तलाठी म्हणाले, अर्ज येऊ द्या, बघू. कंपाउंडर म्हणाला, तीन दिवस वाट बघा, उतार पडेल. कंडक्टर म्हणाला, “मास्तर, पुढं सरका. पुढं जागा असती.” त्यातल्या त्यात हाच सल्ला बरा वाटला आणि मी मोटरसायकलला खोकी बांधून थेट कळंबला गेलो.

पहिल्याच बागेत आबांचा चुलतभाऊ भेटला. तो मोकळा माणूस. म्हणाला, “मास्तर, राग नका धरू. पैसा आबांचा, फॅक्टरी आबांची. आन् आबाच तुमचं खोकं वापरत न्हाईत. काय तरी खोट आसंल म्हनूनच ना?”

मी तसाच आबांच्या बागेत गेलो. शेडमध्ये बायका द्राक्षं भरत होत्या. खोकी पुण्याची. माझ्या अंगाचा भडका झाला. “आबा, माझ्या खोक्यात काय वाईट आहे?”

“वाईट?” आबा गडबडून उठले. “आवं, झ्याक हायत. म्या सवता वर बसून बघितलंय.”

“मग घेत का नाही?”

आबांनी पटका सावरला. आपल्यालाच शिक्षा झाल्यासारखं तोंड करून म्हणाले, “लेकीच्या घरचं कसं घिऊ, मास्तर?”

मी म्हणालो, “फुकट कोण देतंय? पैसे देऊन घ्या!”

“व्वा!” आबांना ते लागलं. “लेकीच्या घरी जेवायचं आन् ताटाखाली पैशे ठिवून यायचं? आसली सोयरीक आमच्यात करत न्हाईत.”

म्हणजे माझा धंदा बुडत होता तो शिष्टाचारापायी. आबा बापाचा धर्म पाळत होते, आणि त्यांचं बघून आख्खा मुलूख पुण्याची खोकी आणत होता. मी बारामतीला आलो तो सरळ एस.टी. स्टँडमागच्या गल्लीत गेलो, कारण त्या दिवशी बाजार होता आणि बाजारच्या दिवशी तात्या तिथे हमखास सापडत.

त्या गल्लीत तात्यांची लेक शालन राहायची. जावई ट्रकवर ड्रायव्हर. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दर बाजाराला तात्या तिच्यासाठी भाजीची पिशवी आणत, दारातल्या पायरीवर बसत, तिच्याशी तासभर बोलत आणि आपल्या तांब्यातलं पाणी पिऊन उठत. ती आत उंबऱ्याशी बसलेली, हे बाहेर. ऊन असलं तर ती छत्री उघडून त्यांच्या डोक्यावर धरायची. गल्लीला याची इतकी सवय झाली होती की कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. मलाही वाटलं नव्हतं.

मी तात्यांना फॅक्टरीवर घेऊन गेलो आणि झालं ते सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. “ह्याला म्हनत्यात खानदान! बगितलं, कसं स्थळ दिलंय तुमाला?”

मालती खोकी मोजत होती. तिने हातातला गठ्ठा खाली टाकला. “तात्या, तुमच्या खानदानापायी लेक उपाशी मरायला लागलीय. जूनला हे शाळेत जातील आणि आबांची लेक भंगारवाल्याकडे. मग पाळा रीत.”

तात्या तांब्याची फिरकी उघडत आणि मिटत बसले. मग म्हणाले, “मंग नातवंड व्हाया पायजे.”

पण फॅक्टरीला नातवंड म्हणजे काय? नफा म्हणावा, तर ऑर्डरीशिवाय नफा नाही आणि नफ्याशिवाय ऑर्डर नाही. तात्या शेडभर फिरले. एका कोपऱ्यात मालतीने उरलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्यांतून लहान लहान खोकी करून ठेवली होती. अंजिरासाठी चालतील म्हणून. तात्यांनी एक उचललं.

“ह्ये कुनाचं?”

“मोठं खोकं कापल्यावर पुठ्ठा उरतो ना, त्यातून केलंय,” मालती म्हणाली.

“मोठ्याच्या अंगातनं निगालं?”

“हो.”

“मंजी पोटचंच की!” तात्या ओरडले. “मास्तर, घुगऱ्या शिजवा. बारसं करू.”

मी त्यांना वेड्यात काढलं. पण दुसरा मार्ग माझ्याकडे नव्हता, आणि भूगोलात तर नव्हताच. बारसं झालं. शेडच्या लोखंडी तुळईला दोरीने पाळणा टांगला, त्यात ते लहान खोकं ठेवलं. सगळे डायरेक्टर सपत्नीक आले. हेडमास्तरांनी प्रास्ताविक केलं. कंडक्टरने टोस्ट आणले आणि कधी नव्हे ते बाकी न ठेवता दिले. वसाहतीतल्या बायकांनी पाळणा म्हटला; आधी हसत हसत म्हटला, मग पाळणा हलू लागला तशा त्या अगदी मनापासून म्हणू लागल्या. मालतीने खोक्याच्या कानाशी वाकून नाव ठेवलं, ‘चिंगी’. पुढे मार्केट यार्डात अंजिराच्या खोक्याला व्यापारीसुद्धा चिंगीच म्हणत.

कळंबहून आबा आले ते चुलतभावांना, भाच्यांना घेऊन. आजोळचं म्हणून त्यांनी खरंच शिवलेली कुंची आणली होती. ती त्यांनी खोक्याला घातली, नीट बांधली आणि मागे सरून बघितलं. मालतीने पाण्याचा पेला पुढे केला. आबांनी तो घेतला आणि उभ्याउभ्या एका दमात रिकामा केला. “आता घ्या म्हनावं समद्यांनी,” ते भाच्यांकडे वळून म्हणाले. “आजपासनं लेकीच्या घरचं चालतंय.” मला रडू आलं आणि ते लपवायला मी घुगऱ्यांचं पातेलं उचललं.

तात्या तर हवेत होते. ज्याला त्याला सांगत होते, “आशी गाठ पडली तरी सोडवता याया पायजे. त्यालाच मदला मानूस म्हनत्यात.”

शालन त्या बारशाला आली होती. मालतीने तिला घरी जाऊन, हट्टाने बोलावलं होतं. एरवी तिला बारशाला कुणी बोलावत नसे. ती पाळण्याच्या दोरीपाशी मागे उभी होती. गर्दी पांगल्यावर ती पुढे झाली, पाळण्यातल्या खोक्याची कुंची तिने सारखी केली आणि वर न बघता म्हणाली, “तात्या, ह्यातलं एक खोकं मला बी द्या.”

“कशाला गं?” तात्या हसत म्हणाले.

“मी बी पाळन्यात घालते. मंग तरी माज्या घरचं पानी प्याल का?”

ती रागाने बोलली नाही. भाजी निवडताना बोलावं तसं बोलली. तात्यांचं हसू तसंच तोंडावर राहिलं आणि डोळे मात्र कुठे बघावं ते न कळून शेडभर फिरले. ते उठले. “चल,” एवढंच म्हणाले आणि तिच्या पुढे चालू लागले.

तांब्या तिथेच राहिला. संध्याकाळी मी तो द्यायला गल्लीत गेलो. पायरी रिकामी होती. तात्या आत, भिंतीला टेकून पाटावर बसले होते. समोर पेला होता. त्यातलं पाणी ते घोट घोट घेत होते, ते लवकर संपू नये म्हणून. मला बघून म्हणाले, “मास्तर, या. काय ग्वाड पानी हाय हितलं!”

“नळाचंच हाय,” शालन आतून म्हणाली. “जेवून जायचं हाय तात्या. मी भाकरी टाकलीया.”

मी तांब्या पायरीवर ठेवला आणि परत आलो.

त्या जूनला मी शाळेत गेलो, पण पेढे द्यायला. मुख्याध्यापकांनी माझा राजीनामा माझ्यासमोर टपालात टाकला. तात्यांनी त्यानंतरही पुष्कळ सोयरिकी केल्या. काही टिकल्या, काही मोडल्या. निवृत्त साहेबांच्या लेकी तर एकामागून एक माहेरी परत आल्या. पण तात्यांच्या पिशवीत तांब्या पुन्हा दिसला नाही. वसाहतीत आले की दारातूनच ओरडत, “वैनी, पानी!” शेवटची दोन-तीन वर्षं ते शालनकडेच राहिले आणि तिच्याच घरी वारले.

त्यांच्या दहाव्याहून आम्ही परतत होतो. आबा आणि मी बरोबर चालत होतो. आबा आता थकले होते. किती दिवस माझ्या मनात होतं ते मी विचारून टाकलं. “आबा, सोयरिकीच्या वेळी तात्यांनी वाटेत तुम्हाला माझी खोड सांगितली होती. कुठली?”

“तुमची?” आबा थांबले. “तुमची न्हाय सांगितली. म्हनलं, मास्तरात खोड आसंल तर त्याची बायकू काढील. खोड माज्यात हाय. मदी पडनारा मानूस कसा हाय त्ये तुमाला ठावं आसावं. मी दुसऱ्याच्या लेकींची घरं आतनं बगत हिंडतो, पर माज्या लेकीचं घर आतनं कसं हाय, मला ठावं न्हाय.”

गल्ली आली. शालन दारातच होती. तिने आम्हाला आत बोलावलं आणि दोन पेले पाणी आणलं. आबांनी आधी घेतलं, मग मी.